पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये दिसणारे स्नायू: यकृताच्या आजारातील दुर्बलता चित्रांवरून कशी मोजतात?

यकृताचा जुना आजार असलेल्या माणसाच्या पोटाचा सीटी स्कॅन काढला जातो, तो बहुतेक वेळा यकृतासाठीच. यकृतात गाठ तयार झाली आहे का, यकृताकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी आहे का, प्लीहा किती वाढली आहे, पोटात पाणी किती साचले आहे, हे प्रश्न घेऊन रेडिओलॉजिस्ट त्या चित्रांकडे पाहतो आणि त्यांची उत्तरे अहवालात लिहितो. पण त्याच चित्रांत, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना आणि पोटाच्या भिंतीत, त्या माणसाचे स्नायूही स्पष्ट दिसत असतात. ते किती उरले आहेत आणि त्यांत चरबी किती शिरली आहे, याची नोंद अहवालात सहसा नसते, कारण ती कोणी मागितलेली नसते. ही नोंद व्हायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. ती कशी केली जाते, तिच्यातून काय कळते आणि काय कळत नाही, हे येथे सविस्तर पाहू.

आधी दुर्बलता म्हणजे काय, ते नीट समजून घ्यावे लागेल. डॉक्टर ज्याला ‘फ्रेल्टी’ म्हणतात, ती दुर्बलता म्हणजे नुसता थकवा नव्हे. शरीराजवळची राखीव ताकद इतकी आटलेली असते, की एखादा साधा जंतुसंसर्ग, एखादी छोटी शस्त्रक्रिया किंवा चार दिवसांचे अंथरूणही त्या माणसाला पुन्हा पूर्वपदावर येऊ देत नाही. ही कल्पना मुळात वृद्धांच्या वैद्यकशास्त्रातून आली. २००१ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी तिचे पाच निकष मांडले: नकळत घटलेले वजन, सततची दमणूक, हाताची कमकुवत पकड, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल. यांपैकी तीन किंवा अधिक निकष लागू पडले, तर त्या व्यक्तीला दुर्बल मानले जाते. यकृताच्या आजारात मात्र ही अवस्था चाळिशी-पन्नाशीतल्या माणसालाही गाठते, आणि तिथे तिचे मुख्य कारण वय नसून स्नायूंचा ऱ्हास हे असते. स्नायू घटण्याच्या या प्रक्रियेला ‘सार्कोपेनिया’ असे नाव आहे. दुर्बलता आणि सार्कोपेनिया हे शब्द अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात, पण त्यांच्यात फरक आहे. सार्कोपेनिया म्हणजे स्नायू किती उरला, तर दुर्बलता म्हणजे त्या स्नायूकडून काम किती होते. चित्रे पहिल्या प्रश्नाचे उत्तर थेट देतात, दुसऱ्याचे मात्र फक्त आडून. लेखात पुढे हा फरक पुन्हा पुन्हा लागणार आहे.

यकृत बिघडल्यावर स्नायू का झिजतात

निरोगी यकृत जेवणानंतर रक्तातील साखर ग्लायकोजेनच्या रूपाने साठवून ठेवते आणि रात्रभर, आपण झोपेत असताना, ती थोडी थोडी करून रक्तात सोडते. सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृताच्या मऊ उतीची जागा व्रणासारख्या टणक धाग्यांनी घेतल्यावर, हे कोठार लहान होते. कोठार मध्यरात्रीच रिकामे झाले, तर मेंदूला लागणारी साखर कुठून तरी आणावी लागते, आणि शरीर ती स्नायूंतील प्रथिने मोडून तयार करते. निरोगी माणसाचे शरीर दोन-तीन दिवसांच्या उपासानंतर ज्या अवस्थेत पोहोचते, त्या अवस्थेत सिरॉसिसचा रुग्ण एका रात्रीच्या उपासाने पोहोचतो, हे १९८०च्या दशकातच मोजून दाखवले गेले आहे. रोज रात्री थोडी थोडी होणारी ही झीज वर्षभरात किती साचत असेल, याचा विचार केला म्हणजे यकृताच्या रुग्णांचे हातपाय का वाळतात, याचे निम्मे उत्तर मिळते.

उरलेले निम्मे उत्तर अमोनियाशी संबंधित आहे. प्रथिनांच्या पचनातून निघणारा अमोनिया निरोगी यकृत युरियात बदलून टाकते. यकृताला ते जमेनासे झाले, की अमोनिया रक्तात वाढतो आणि तो बाजूला काढण्याचे काम काही प्रमाणात स्नायू अंगावर घेतात. ते काम करताना स्नायूंची ऊर्जा खर्च होते. शिवाय वाढलेला अमोनिया ‘मायोस्टॅटिन’ नावाच्या प्रथिनाचे प्रमाण वाढवतो, आणि मायोस्टॅटिनचे कामच मुळी स्नायूंची वाढ रोखणे हे आहे. यातून एक दुष्टचक्र तयार होते: अमोनियामुळे स्नायू घटतात, आणि स्नायू घटल्यामुळे अमोनिया हटवणारे हातही कमी होतात. ज्या रुग्णांचे स्नायू खालावलेले असतात, त्यांच्यात यकृताच्या आजारामुळे येणारी गुंगी आणि गोंधळलेपणा अधिक आढळतो, त्यामागे हेही एक कारण आहे. पोटात पाणी साचल्याने दोन घासांतच पोट भरल्यासारखे वाटणे, तोंडाची चव जाणे, पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन कमी होणे आणि अंथरुणाला खिळून राहणे, या गोष्टी त्यात भर घालतात.

सिरॉसिसच्या रुग्णांपैकी साधारण ३० ते ७० टक्के जणांत सार्कोपेनिया आढळतो. हा आकडा इतका सैल आहे, कारण कोणत्या रुग्णांना मोजले आणि कोणत्या पद्धतीने मोजले, यावर तो बदलतो. पण त्याचे खालचे टोक धरले, तरी दर तीन रुग्णांमागे जवळपास एक असा हिशोब होतो. स्नायू घटलेल्या रुग्णांत मृत्यूचा धोका इतर रुग्णांच्या मानाने सुमारे दुप्पट असतो, हे वेगवेगळ्या देशांतील अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर पुढे आले आहे.

वजनकाटा आणि रक्ततपासणी कुठे फसतात

स्नायू घटत असतील तर वजन कमी होईल आणि ते काट्यावर दिसेलच, असे कोणालाही वाटेल. यकृताच्या आजारात तसे होत नाही. पोटात साचलेले पाणी पाच, दहा, कधी त्याहूनही जास्त किलो भरू शकते, पायांवर सूज असते, आणि स्नायू घटत असताना पाणी वाढत गेले तर काट्यावरचा आकडा वर्षभर जागचा हलत नाही. वजन आणि उंची यांवरून काढलेला बीएमआय मग सुदृढ माणसाचा वाटतो. पाण्याचा अंदाज घेऊन ‘कोरडे वजन’ काढण्याची एक रीत आहे: जलोदर सौम्य असेल तर मोजलेल्या वजनातून ५ टक्के, मध्यम असेल तर १० टक्के, तीव्र असेल तर १५ टक्के वजा करायचे, आणि दोन्ही पायांवर सूज असेल तर आणखी ५ टक्के. ही रीत उपयोगी आहे, पण अखेर तो अंदाजच. दुसरीकडे, चरबीयुक्त यकृताच्या आजारातून सिरॉसिस झालेल्या अनेक रुग्णांचे शरीर स्थूल असते आणि त्या स्थूलपणाच्या आत स्नायू मात्र वाळलेले असतात. अशा माणसाकडे पाहून तो दुर्बल आहे, हे घरच्यांच्याही लक्षात येत नाही.

रक्ततपासणीचीही एक अडचण आहे आणि तिची चर्चा पुरेशी होत नाही, म्हणून ती येथे थोडी विस्ताराने सांगतो. यकृताचा आजार किती गंभीर आहे, हे ठरवण्यासाठी ‘मेल्ड’ नावाचा गुणांक वापरतात. अमेरिकेत २००२ पासून यकृत प्रत्यारोपणासाठीचा अग्रक्रम याच गुणांकाच्या आधारे ठरतो. तो बिलिरुबिन, रक्त गोठण्याचा वेग आणि क्रिएटिनिन यांवरून काढला जातो. नंतर त्यात सोडियमही आले. यातले क्रिएटिनिन मूत्रपिंडाचे काम दाखवते, पण ते तयार होते स्नायूंमध्ये. ज्याचे स्नायू वाळले आहेत, त्याच्या शरीरात क्रिएटिनिन मुळातच कमी बनते, त्यामुळे मूत्रपिंड थकलेले असले तरी रक्तातील आकडा समाधानकारक दिसतो. म्हणजे स्नायूंचा ऱ्हास या गुणांकात मोजला तर जात नाहीच, उलट तो गुणांक खोटेपणाने खाली ओढतो. स्त्रियांचे स्नायू सरासरीने कमी असल्याने त्यांच्यावर या त्रुटीचा अन्याय अधिक होत होता. २०२३ पासून अमेरिकेत लागू झालेल्या ‘मेल्ड ३.०’ या नव्या आवृत्तीत स्त्रियांना जादा गुण देऊन आणि अल्ब्युमिनचा समावेश करून हा अन्याय काहीसा दूर केला गेला. स्नायूंचे मोजमाप मात्र त्यातही नाही.

एक मणका, एक काप

सीटी स्कॅन शरीराचे आडवे काप दाखवतो, एखादी काकडी गोल चकत्यांमध्ये कापावी तसे. त्यांपैकी नेमकी कोणती चकती घ्यायची, यावर बराच अभ्यास होऊन कंबरेच्या तिसऱ्या मणक्याची पातळी प्रमाण मानली गेली आहे. अहवालात तिचा उल्लेख ‘एल ३’ असा येतो. या एका कापात कण्याच्या पुढचे जाड सोआस स्नायू, कण्यामागचे पाठ ताठ ठेवणारे स्नायू, कंबरेचा चौकोनी स्नायू आणि पोटाच्या भिंतीतले सगळे थर एकत्र येतात, आणि या कापातील स्नायूंचे क्षेत्रफळ संपूर्ण शरीरातील स्नायूंच्या प्रमाणाशी चांगले जुळते. सोय अशी, की सगळे शरीर मोजण्याची गरज उरत नाही.

स्नायू, चरबी आणि हाड यांतला फरक संगणकाला कसा कळतो? सीटी स्कॅनमधील प्रत्येक ठिपक्याला, तिथल्या उतीने किती क्ष-किरण अडवले यावरून, एक आकडा मिळतो. सीटी स्कॅनरचे जनक गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांना १९७९ मध्ये ॲलन कॉरमॅक यांच्यासह नोबेल पुरस्कार मिळाला, त्या हाउन्सफील्ड यांच्याच नावाने हे एकक ओळखले जाते. या मोजपट्टीवर पाणी शून्यावर असते, हवा उणे १००० वर, चरबी साधारण उणे १९० ते उणे ३० या पट्ट्यात आणि स्नायू उणे २९ ते अधिक १५० या पट्ट्यात. संगणकाला सांगितले, की या कापातील फक्त उणे २९ ते १५० मधले ठिपके उचल, तर स्नायू आपोआप वेगळे होऊन रंगवले जातात. त्या पट्ट्यात आतडी आणि इतर अवयवही येत असल्याने त्यांच्या कडा जाणत्या माणसाला तपासून दुरुस्त कराव्या लागतात. त्यानंतर उरलेल्या भागाचे क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये मिळते.

उंच माणसाचे स्नायू मुळातच मोठे असतात, म्हणून या क्षेत्रफळाला उंचीच्या वर्गाने भागतात. समजा, दोन पुरुषांच्या या कापातील स्नायूंचे क्षेत्रफळ सारखेच, १३० चौरस सेंटिमीटर आले. पहिल्याची उंची १.७० मीटर आहे. तिचा वर्ग २.८९, आणि भागाकार ४५. दुसऱ्याची उंची १.५८ मीटर आहे. तिचा वर्ग सुमारे २.५, आणि भागाकार ५२. यकृत प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षेतील उत्तर अमेरिकी रुग्णांच्या अभ्यासातून पुरुषांसाठी ५० आणि स्त्रियांसाठी ३९ ही मर्यादा पुढे आली आणि ती मोठ्या प्रमाणावर स्वीकारली गेली. तिच्यानुसार पहिल्या पुरुषाला सार्कोपेनिया आहे आणि दुसऱ्याला नाही. या हिशोबात वजन कुठेच येत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पोटात पाणी कितीही साचले तरी उंची बदलत नाही, आणि वजनकाट्याची फसगत येथे टळते ती त्यामुळेच.

पण ५० आणि ३९ हे आकडे दगडावरची रेघ नव्हेत. जपानच्या यकृततज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या लोकांच्या शरीरबांध्याला अनुसरून पुरुषांसाठी ४२ आणि स्त्रियांसाठी ३८ ही मर्यादा ठरवली. म्हणजे आपल्या उदाहरणातला ४५ आकड्याचा पुरुष एका मोजपट्टीवर आजारी ठरतो आणि दुसऱ्या मोजपट्टीवर ठरत नाही. ज्या लोकसमूहासाठी स्वतंत्र मर्यादा तपासून ठरवलेली नाही, तेथे या आकड्याचा अर्थ लावताना सावधगिरी बाळगणे अत्यंत आवश्यक आहे. एकदाच काढलेल्या आकड्यापेक्षा त्याच माणसाचा सहा महिन्यांपूर्वीचा आकडा शेजारी ठेवून पाहणे मला अधिक विश्वासाचे वाटते, कारण तेथे तुलना परक्या माणसांशी होत नाही.

काही ठिकाणी सगळे स्नायू मोजण्याऐवजी फक्त सोआस स्नायूची जाडी किंवा क्षेत्रफळ घेतात. साध्या मोजपट्टीने दोन मिनिटांत काम होते, हा त्याचा मोठा फायदा. परंतु सोआस हा एकूण स्नायूंचा लहानसा हिस्सा आहे आणि त्याची मापे संपूर्ण कापाच्या मापाइतकी भरवशाची ठरलेली नाहीत, विशेषतः स्त्रियांमध्ये.

स्नायूचा आकार आणि स्नायूचा कस

क्षेत्रफळापेक्षा मला स्वतःला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट, आणि ती म्हणजे त्या स्नायूचा कस. निरोगी स्नायू सीटी स्कॅनमध्ये एकसारखा, भरीव करडा दिसतो. आजारी स्नायूमध्ये चरबीचे काळपट धागे पसरलेले असतात, आणि कधी बाहेरून आकार तोच राहूनही आतला निम्मा कस गेलेला असतो. याला ‘मायोस्टिॲटोसिस’ म्हणतात. चरबी शिरली, की स्नायूचा सरासरी हाउन्सफील्ड आकडा खाली येतो, त्यामुळे त्याच कापातून, कोणतीही जादा तपासणी न करता, हा कसही मोजता येतो. कर्करोगाच्या रुग्णांवरील अभ्यासातून आलेली आणि यकृताच्या आजारातही वापरली जाणारी मर्यादा अशी: बीएमआय २५ पेक्षा कमी असणाऱ्यांत सरासरी ४१ च्या खाली, आणि २५ किंवा अधिक असणाऱ्यांत ३३ च्या खाली. स्नायूत चरबी शिरलेल्या सिरॉसिसच्या रुग्णांत यकृताच्या गुंगीचे झटके अधिक येतात आणि आयुर्मानही घटते, असे आढळले आहे.

या मोजमापात एक तांत्रिक अडचण आहे. सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून दिलेले रंगद्रव्य स्नायूंमध्येही पोहोचते आणि त्यांचा आकडा काही एककांनी वर नेते. त्यामुळे एक स्कॅन रंगद्रव्याशिवायचा आणि दुसरा रंगद्रव्यासह असेल, किंवा रंगद्रव्यानंतर कमी-जास्त वेळाने चित्र काढले असेल, तर दोघांची तुलना फसवी ठरते. स्नायूत पाणी साचले तरीही आकडा खाली येतो आणि ते चरबीसारखे भासू शकते.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षेतील पुरुषांत आधी स्नायू खर्ची पडताना दिसतात, तर स्त्रियांत त्वचेखालच्या चरबीचा साठा आधी संपतो. म्हणून स्त्रीचा स्नायूंचा आकडा मर्यादेच्या वर आहे, एवढ्यावर समाधान मानणे धोक्याचे ठरू शकते. त्याच कापात त्वचेखालची चरबी किती उरली आहे, तेही पाहायला हवे.

सीटी स्कॅनची मुख्य मर्यादा किरणोत्सर्गाची आहे. पोटाच्या एका स्कॅनमध्ये साधारण ८ मिलिसीव्हर्टच्या आसपास मात्रा मिळते, तर निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळते. म्हणून केवळ स्नायू मोजण्यासाठी सीटी स्कॅन काढू नये, आणि तसा सल्ला कोणी तज्ज्ञ देतही नाहीत. दुसऱ्या कारणासाठी काढलेल्या स्कॅनमधील माहिती वाया जाऊ न देणे, एवढेच येथे अपेक्षित आहे. पूर्वी हे काम हाताने करताना प्रत्येक रुग्णामागे वेळ जात असे. आता एल ३ चा काप शोधून स्नायू रंगवणाऱ्या संगणकप्रणाली तयार झाल्या आहेत आणि त्या काही सेकंदांत हे काम करतात. मात्र जलोदराने ताणून पातळ झालेली पोटाची भिंत अशा प्रणालींना चकवू शकते, त्यामुळे अंतिम चित्रावर माणसाची नजर फिरलीच पाहिजे.

सीटी स्कॅनखेरीज इतर साधनेही आहेत. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नसतो आणि स्नायूतील चरबीचे प्रमाण टक्केवारीत मोजता येते. त्या बाबतीत तो सर्वांत अचूक, पण खर्चीक आणि वेळखाऊ आहे. डेक्सा ही हाडांची घनता मोजणारी तपासणी हातापायांतील चरबीविरहित भागही मोजते, परंतु तिला पाणी आणि स्नायू वेगळे ओळखता येत नाहीत. सुजलेला पाय तिला भरदार वाटतो, म्हणून यकृताच्या रुग्णांत हातांची मापे त्यातल्या त्यात भरवशाची. सोनोग्राफीबद्दल मात्र थोडे अधिक बोलायला हवे. मांडीच्या पुढच्या स्नायूंची जाडी सोनोग्राफीने खाटेशेजारीच मोजता येते आणि ती हवी तितक्या वेळा करता येते. मापन करणाऱ्याने मशीनचा प्रोब किती दाबला, मांडीच्या कोणत्या बिंदूवर ठेवला, यावर आकडा बदलतो, त्यामुळे पद्धत ठरवून घ्यावी लागते. सिरॉसिसच्या रुग्णांना यकृताच्या कर्करोगाच्या टेहळणीसाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करण्याचा सल्ला असतोच. त्याच वेळी प्रोब मांडीवरही एकदा फिरवला, तर वर्षातून दोनदा स्नायूंची नोंद होईल, आणि तिच्यासाठी रुग्णाला जादा फेरा पडणार नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. फायब्रोस्कॅन किंवा इलॅस्टोग्राफी यकृताचा टणकपणा मोजते. तिचा आकडा सुधारला म्हणजे दुर्बलता गेली, असे समजू नये. यकृताचा टणकपणा आणि पायातली ताकद या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

खुर्चीवरून उठून दाखवा

सुरुवातीला सांगितलेला फरक आता कामी येतो. चित्र स्नायूचे प्रमाण आणि कस दाखवते, पण स्नायू चालवायला मज्जातंतू, हृदय, श्वास, मनाची उभारी आणि सांध्यांची साथ लागते, आणि यांपैकी काहीच एल ३ च्या कापात दिसत नाही. स्नायूंचा आकडा सारखा असलेल्या दोघांपैकी एक जण जिना चढून येतो आणि दुसऱ्याला खुर्चीच्या हातांचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नाही, असे प्रत्यक्षात घडते. चित्रांवरची मापे आणि शारीरिक क्षमतेच्या चाचण्या यांचा मेळ आहे, पण तो मध्यमच.

म्हणून यकृताच्या रुग्णांसाठी २०१७ मध्ये ‘लिव्हर फ्रेल्टी इंडेक्स’ नावाची चाचणी तयार झाली. तिच्यात तीनच गोष्टी करायच्या असतात: पकड मोजणारे यंत्र हाताने दाबणे, हातांचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठणे-बसणे, आणि पाय तीन वेगवेगळ्या प्रकारे ठेवून प्रत्येकी १० सेकंद तोल सांभाळणे. काही मिनिटांत ही चाचणी पूर्ण होते. तिचा गुणांक ३.२ पेक्षा कमी असेल तर माणूस सुदृढ, ४.५ किंवा अधिक असेल तर दुर्बल, आणि मधल्या पट्ट्यातला दुर्बलतेच्या उंबरठ्यावरचा मानला जातो. जो रुग्ण चाचणी देऊ शकतो, त्याच्यासाठी ती पहिली असावी. चित्राने तिला दुजोरा द्यावा किंवा तिने सांगितलेल्या गोष्टीचे कारण दाखवावे. पण जो रुग्ण अतिदक्षता विभागात आहे, गुंगीत आहे, किंवा गुडघेदुखीमुळे उठू शकत नाही, त्याच्याकडून खुर्चीची चाचणी करून घेता येत नाही. अशा वेळी आधीच काढलेला सीटी स्कॅन त्या माणसाच्या वतीने बोलतो. चित्रांचे खरे मोल मला येथे दिसते.

या मोजमापाचा उपयोग रुग्णाला दारातून परत पाठवण्यासाठी होऊ नये, याबद्दल मी आग्रही आहे. स्नायूंचा आकडा खालावला आहे, एवढ्या एकाच कारणावरून प्रत्यारोपण नाकारणे योग्य नाही, आणि यकृततज्ज्ञांचा कलही तसाच आहे. त्या आकड्याने निर्णय बदलायचा तो असा: आहार आणि व्यायामाची सुरुवात लगेच व्हावी, शस्त्रक्रियेनंतरच्या काळजीची तयारी अधिक चोख व्हावी, आणि ज्याचा मेल्ड गुणांक कमी दिसतो पण स्नायू वेगाने ओसरत आहेत, त्याच्याकडे ‘अजून वेळ आहे’ या नजरेने पाहिले जाऊ नये.

आहाराबाबत जुन्या काळचा एक सल्ला अजूनही ऐकू येतो आणि तो घातक आहे: यकृताच्या रुग्णाने प्रथिने कमी खावीत. गुंगी वाढेल या भीतीने तो दिला जात असे. प्रथिने तोडल्याने गुंगी टळत नाही, पण स्नायू मात्र अधिक वेगाने झिजतात, हे आता स्पष्ट झाले आहे. सिरॉसिसच्या कुपोषित किंवा स्नायू घटलेल्या रुग्णाला कोरड्या वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने आणि सुमारे ३५ किलोकॅलरी ऊर्जा मिळावी, असे युरोपीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. ६० किलो कोरड्या वजनाच्या माणसाला याचा अर्थ ७२ ते ९० ग्रॅम प्रथिने आणि सुमारे २१०० किलोकॅलरी असा होतो. स्थूल रुग्णांसाठी हा हिशोब वेगळा असतो, म्हणून तो आहारतज्ज्ञाकडूनच ठरवून घ्यावा. रात्री झोपण्यापूर्वी काहीतरी पौष्टिक खाणे विशेष महत्त्वाचे, कारण झीज होते ती रात्रीच्या उपासात. न्यूझीलंडमधील एका अभ्यासात, जो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, रुग्णांना तेच पूरक अन्न काहींना दिवसा आणि काहींना रात्री दिले गेले. रात्री घेणाऱ्यांच्या शरीरात वर्षभरात जवळपास २ किलो चरबीविरहित वजनाइतकी प्रथिने वाढली, दिवसा घेणाऱ्यांच्या शरीरात तशी वाढ झाली नाही. अन्न तेच, फरक फक्त वेळेचा.

व्यायामात चालण्याबरोबर स्नायूंना ताण देणारे हलके व्यायामही हवेत. अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा असतील, तर त्यांवर आधी उपचार झाले आहेत का, हे डॉक्टरांना विचारूनच जोर लावणारे व्यायाम सुरू करावेत. जलोदर वारंवार होणाऱ्या काही रुग्णांत यकृतातून नळी बसवून शिरेतील दाब कमी करतात. या उपचारानंतर पुढच्या काही महिन्यांत अनेकांचे स्नायू भरून येतात, आणि ही वाढही नव्या-जुन्या सीटी स्कॅनचे तेच काप शेजारी शेजारी ठेवून पाहता येते.

प्रत्यारोपणानंतरही ही तुलना थांबवू नये. नवे यकृत काही दिवसांत काम करू लागते, कावीळ उतरते, पोटातले पाणी ओसरते, पण स्नायू त्या वेगाने परतत नाहीत. रुग्णालयातले अंथरूण, सुरुवातीला दिली जाणारी स्टिरॉइड्स आणि नवे यकृत नाकारले जाऊ नये म्हणून घ्यावी लागणारी औषधे यांमुळे पहिल्या काही महिन्यांत ते आणखी घटूही शकतात, आणि काही रुग्णांत वर्ष उलटल्यावरही पूर्वीच्या पातळीवर येत नाहीत. याच काळात वजन झपाट्याने वाढते आणि सगळे आनंदतात. ते वजन स्नायूंचे आहे की चरबीचे, हे काट्याला सांगता येत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीसाठी जो सीटी स्कॅन पुढे कधी काढला जाईल, त्यातला एल ३ चा काप आधीच्या कापाशेजारी ठेवून पाहावा, अशी विनंती रुग्णाने किंवा त्याच्या घरच्यांनी डॉक्टरांना अवश्य करावी.